खालचे, हाजिर

आमच्या इंदूरच्या घरमालकांना मुलं हरवण्याचा नाद होता. स्वतःची नव्हे, त्यांना मूलबाळ नव्हतं. दुसऱ्यांची. हे ऐकून कोणाला वाटेल, बाई काहीतरी भलतंच सांगतेय. पण मी त्या घरात खालच्या मजल्यावर बरीच वर्षं काढली आहेत आणि माझं धाकटं पोर त्यांनी भर बाजारात ठरवून हरवलेलं आहे, तेव्हा मला सांगायचा हक्क आहे.

मी मूळची साताऱ्याची. त्या वर्षांत पीथमपूरला नवे नवे कारखाने निघत होते आणि इंदुरातल्या कापडाच्या मिला एकेक करून धापा टाकत होत्या. माझ्या नवऱ्याला अशाच एका नव्या कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही दोन लहान मुलं घेऊन इंदुरात आलो. घर बघायला गेलो तर दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि चेहऱ्यावर असा भाव की आम्ही काहीतरी वाईट बातमी आणली आहे. मी विचारलं, "जागा आहे ना?"

"आहे ना. खाली आहे."

"खाली आहे ते कळलं. पण रिकामी आहे का?"

"तेच तर सांगून राहिलोय सूनबाई, खाली आहे."

"अहो काका, पण खाली सध्या कोणी राहतंय का?"

"खाली आहे तर राहील कोण?"

मी वैतागून मागे वळले. नवरा महिनाभर आधी येऊन इथली भाषा शिकला होता. त्याने कानात सांगितलं की इथल्या मराठीत खाली म्हणजे रिकामी, हिंदीतलं. नशिबाने ती जागा दोन्ही अर्थांनी खाली होती, म्हणून आमचं जमलं. त्या दिवसापासून आम्ही त्यांचे 'खालचे' झालो. माझ्या मुलांचे ते 'वरचे आजोबा'.

हे आजोबा मिलच्या टाइम ऑफिसात होते. म्हणजे पाळीवर येणाऱ्या माणसांची हजेरी घ्यायची आणि सुटताना सगळे बाहेर पडले की नाही ते बघायचं. जन्मभर हेच केल्यामुळे घरीही हजेरीशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. दिवेलागणीला जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून ते हाक मारायचे, "खालचे?" आणि आम्ही खालून ओरडायचं, "हाजिर." मी, नवरा, ऋचा, केदार, प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू आला पाहिजे. पीथमपूरहून येताना नवऱ्याची कंपनीची बस राऊ गावाच्या पुढे कुठे अडकली की तो येईपर्यंत म्हातारा जिन्यावरून हलायचा नाही. काकू वरून म्हणायच्या, "अहो, पोळ्या गार होऊन राहिल्यात." ते म्हणायचे, "एक माणूस कमी आहे."

त्यांना सगळ्याची भीती वाटायची. कुकरची, पतंगाच्या मांज्याची, बोरांच्या बियांची. गल्लीत रिक्षाने ब्रेक मारला की ते धडधड जिना उतरून यायचे आणि माझी मुलं मोजायचे. मी स्वतः जात्याच भित्री, त्यामुळे मला ते कधी परके वाटले नाहीत. फक्त एका गोष्टीची त्यांना भीती नव्हती. मिल कधी चालू असायची, कधी बंद. चौकात लोक रोज बोलायचे की आता ही पण जाणार. हे मात्र पायजम्याची नाडी आवळत म्हणायचे, "मिल कुठे जाईल? ती काय हरवायची चीज आहे?"

अशात आमच्या गल्लीत केबल टीव्ही आला आणि त्यावर मुंबईच्या झुल्यांच्या पार्कची जाहिरात आली. खाडी ओलांडून बोटीने जायचं, आणि पलीकडे आकाशाएवढे पाळणे, उलटी होणारी गाडी, पाण्याच्या घसरगुंड्या. झालं. ऋचा सात वर्षांची, केदार पाच. घरात दुसरा विषय नाही. माझा नवरा मुलांना नाही म्हणायचं काम नेहमी माझ्यावर सोपवतो, पण त्या दिवशी माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दिवाळीच्या सुटीत जाऊ."

त्याचं काय जातं म्हणायला. बेत ठरला आणि माझी झोप उडाली. पाळण्याची दांडी पोराच्या मापाची नसली तर? वर गेल्यावर केदार उठून उभा राहिला तर? बोट? आणि ती गर्दी. मला सगळ्यात मोठी भीती गर्दीचीच. माझ्या मुलाचा हात माझ्या हातातून सुटला आहे हे स्वप्न मी त्या महिन्यात इतक्या वेळा पाहिलं की झोपतानासुद्धा त्याचा सदरा मुठीत धरून झोपायला लागले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काही होत नाही गं." या वाक्याने आजवर कोणाचं समाधान झालंय मला माहीत नाही.

वरच्या आजोबांना कळलं तसे ते खाली आले आणि वेताच्या मोढ्यावर बसले.

"पार्कला दरवाजे किती?"

"मला काय ठाऊक, काका."

"दरवाजे ठाऊक नाहीत अन् लेकरं घेऊन चालल्या?"

आपल्याहून घाबरट माणूस भेटला याचं मला आधी बरंच वाटलं. आमच्या सहलीचा सगळा आराखडा मग त्यांनी हातात घेतला. त्यांनी जन्मात मुंबई पाहिलेली नव्हती, रतलामच्या पलीकडे ते कधी गेले नव्हते. पण रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या फरशीवर ते पार्क मांडायचे. तांब्या म्हणजे मोठा पाळणा, वाट्या म्हणजे छोटे झुले, लाटणं म्हणजे बोटीचा धक्का. केदारने पोह्यांचा एक दाणा व्हायचं आणि या सगळ्यातून फिरायचं. मध्येच ते तांब्या उचलून दुसरीकडे ठेवायचे आणि विचारायचे, "आता बोल, कुठे आहेस?" केदार म्हणायचा, "हरवलो." "मग काय करायचं?" "हलायचं नाही." "शाबास. हरवला तो उभा राहील, शोधेल तो चालेल." आणि मला भाजीत पाणी घालायला तांब्या मिळायचा नाही.

हा नियम त्यांना झांकीतून सापडला होता. अनंत चतुर्दशीला इंदुरात सगळ्या मिलांच्या झांक्या निघतात, म्हणजे दिव्यांची आरास केलेले मोठे देखावे गाड्यांवरून मिरवत नेतात, आणि ते बघायला अख्खा माळवा लोटतो. त्या गर्दीत पोरं हरवणारच. आमच्या आजोबांच्या मिलचा 'खोया-पाया' मंडप असायचा, आणि वर्षानुवर्षं त्याचे मुख्य हेच. रडणारं पोर समोर आलं की ते त्याला नाव विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न एकच, "तू कोणाचा?" म्हणायचे, पोर आपलं नाव विसरतं, पण आपण कोणाचे ते विसरत नाही.

तरी घोटाळे व्हायचे. एकदा एका मराठी मुलाला त्यांनी विचारलं, तू कोणाचा. तो म्हणाला पप्पांचा. पप्पांचं नाव काय? पोराने डोळे पुसले आणि ठणठणीत सांगितलं, "अहो." आई त्यांना जी हाक मारते तीच त्याला ठाऊक. लाउडस्पीकरवरच्या हिंदी माणसाला काय कळणार? त्याने पुकारा केला, "अहो जी जहां भी हों, खोया-पाया मंडप पर आएं." तर म्हणे पाच-सात मराठी नवरे धावत आले, आणि त्यांतल्या एकाचंही ते पोर नव्हतं. ही हकिगत सांगताना ते स्वतः हसत नसत. शेवटी मला बजावायचे, "सूनबाई, लेकरांसमोर सुधीरजींना नावाने हाक मारत जा. पूर्ण नावाने, आडनावासकट." मी म्हटलं, "सासूबाई जिवंत आहेत माझ्या." ते म्हणाले, "त्या पार्कात येऊन राहिल्यात का?"

इथवर ठीक होतं. पुढचं मी अजून विसरलेले नाही.

एका शनिवारी ते आणि काकू मुलांना शिकंजी पाजायला म्हणून राजवाड्यावर घेऊन गेले. मी पण पाठोपाठ बाजारात येणार होते. ठरल्या कोपऱ्यावर पोचले तर आजोबा आणि ऋचा उभे.

"केदार कुठाय?"

"हरवलाय," ते शांतपणे म्हणाले. "आता तुम्ही शोधा."

पहिल्यांदा मला अर्थच लागला नाही. मग लागला. त्या बाजारात मी कशी धावले, कोणाला धडकले, मला आठवत नाही. एक चप्पल कुठेतरी राहिली. केदार बांगड्यांच्या दुकानासमोर, खांबाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. रडत नव्हता. समोरच्या साड्यांच्या दुकानातून काकू त्याच्यावर नजर ठेवून होत्या, पण ते मला काय माहीत. केदार मला बघून म्हणाला, "आई, मी हललो नाही," आणि मी तिथे रस्त्यात बसून भोकाड पसरलं.

मग मी त्या म्हाताऱ्याला जे बोलले ते सराफ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. म्हटलं, तुम्हाला स्वतःची मुलं असती तर असं केलं असतंत का? संध्याकाळी जिन्यावरून हाक आली, "खालचे?" मी मुलांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. पुन्हा हाक आली. आम्ही गप्प. तिसऱ्यांदा ते नुसतेच उभे राहिले, पायऱ्यांवर त्यांची सावली दिसत होती. शेवटी ऋचाने माझ्याकडे बघत बघत, अगदी हळू म्हटलं, "हाजिर." मग सावली गेली.

दुसऱ्या दिवशी काकू पीठ चाळता चाळता सांगत होत्या. एका वर्षी झांकीत एक पोरगी हरवली होती. ती आईला शोधत फिरत होती आणि आई तिला. राजवाड्याभोवती दोघीही रात्रभर चालत राहिल्या. पहाटे भेटल्या तेव्हा आईने आधी पोरीच्या थोबाडीत मारली आणि मग स्वतःच्या. "तेव्हापासून यांच्या डोक्यात हे बसलंय," काकू म्हणाल्या. "दोघंही चालले तर भेट कशी होणार, म्हणतात." माझा राग काही लगेच गेला नाही. पण रात्री केदारचा सदरा मुठीत न धरता झोप लागली, एवढं खरं.

आम्ही निघालो त्या दिवशी ते स्टेशनवर आले. गाडीच्या खिडकीतून आत डोकं घालून सूचना चालू. रतलामला पाण्यासाठी उतरायचं नाही. बोटीत मधोमध बसायचं. एका रंगाचे शर्ट घालायचे. गाडी हलली तरी ते बरोबर चालत होते. "बेटा, हरवलास तर?" केदार ओरडला, "हलायचं नाही." मग ते थांबले. काकू म्हणाल्या होत्या की आज त्यांना मिलमध्ये लवकर बोलावलंय, काहीतरी मीटिंग आहे.

पार्क जाहिरातीत होता तसाच होता, फक्त माणसं जाहिरातीच्या शंभरपट. ऋचाला मोठ्या पाळण्यात बसायचं होतं. केदारला घेत नव्हते, म्हणून ती आणि तिचे बाबा वर गेले आणि मी केदारला घेऊन कठड्याशी उभी राहिले. त्याला तहान लागली. मी पाण्याची बाटली काढायला पिशवीत वाकले. वर बघते तर केदार नाही.

ज्या गोष्टीची मी महिनाभर धास्ती घेतली होती ती एवढ्याशा वेळात झाली. आजूबाजूला नुसती पोरंच पोरं आणि त्यांतलं एकही माझं नाही. मी आधी केदारला हाका मारल्या, मग वर बघून ओरडले, "अहो." पाळण्याखालचे दोन-तीन बाप माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला म्हाताऱ्याची आठवण झाली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडले, "सुधीर कुलकर्णी!" नवऱ्याने ऐकलं. त्याला वाटलं मी मजेत आहे. त्याने वरून दोन्ही हात हलवले.

मी धावत एका रखवालदाराला गाठलं. सांगितलं, पाच वर्षांचा, पिवळा शर्ट. त्याने पलीकडच्या माणसाला विचारलं आणि म्हणाला, "आहे हो ताई, सापडला. खाली पाळण्याजवळ उभा आहे."

मी पळत सुटले. खाली पाळणा शोधत. सुटीचा दिवस, सगळे पाळणे गच्च भरलेले. एकेका पाळण्यापाशी जाऊन मी बघत होते, कुठला खाली आहे. टोकाला एक बंद पडलेला सापडला, ताडपत्री घातलेला, एकही माणूस बसलेला नाही. त्याच्याभोवती फिरले, ताडपत्री उचलून आत बघितलं. केदार नव्हता. म्हणजे आधी होता आणि आता कोणी नेला. तशीच परत आले आणि त्या रखवालदाराच्या अंगावर ओरडले, "खाली पाळण्याजवळ नाहीये तो. मी बघून आले, खाली पाळणा एकच आहे."

तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तुम्ही गेलात कुठे? खाली म्हणतोय मी. खाली. या पायऱ्या उतरून."

साताऱ्यात जन्मलेली मी. महाराष्ट्राच्या भूमीवर, एका मराठी माणसाने बोललेलं सरळ मराठी मला कळलं नव्हतं. इंदूरने माझ्या कानात कधी घर केलं, मला पत्ताच लागला नाही.

पायऱ्या उतरले. तिथे लाकडी घोड्यांचा फिरता पाळणा होता. केदार घोडे बघायला आला होता. आई दिसत नाही हे कळलं त्या क्षणी जिथे होता तिथे त्याने कठडा धरला होता. पार्कमधली एक मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसून आइस्क्रीम दाखवत होती, "चल, ऑफिसात बसू, तिथे आई येईल." केदार आइस्क्रीमकडे बघत नव्हता. तो म्हणत होता, "हिलना नहीं है. आजोबांनी सांगितलंय." ती मुलगी मला म्हणाली, "किती वेळ समजावतेय, कठडाच सोडत नाही. वडिलांचं नाव मात्र आडनावासकट सांगितलंन." मी त्याला उचललं. त्याची बोटं कठड्यावरून एकेक करून सोडवावी लागली.

परतीच्या गाडीत केदारला एकच घाई होती, वरच्या आजोबांना सांगायचं. पोचलो त्या दिवशी तो संध्याकाळपासून जिन्याखाली जाऊन बसला. दिवे लागले. हाक आली नाही. मी म्हटलं, येईल. पोळ्या झाल्या, जेवणं झाली. शेवटी मी वर गेले तर काकू अंधारात बसलेल्या.

"मिलला ताळा लागला," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात त्याच दिवशी. आता पक्का."

"आणि काका?"

"झोपलेत. सकाळी डबा घेऊन जातात, गेटसमोर उभे राहतात, पाळी सुटायच्या वेळेला येतात. पहिले दोन दिवस सगळेच उभे होते, नारेबाजी चालली होती. मग जो तो आपापल्या रस्त्याला लागला. हेच एकटे राहिलेत. घरी चला म्हटलं तर म्हणतात, अभी छुट्टी नहीं हुई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी केदारला घेऊन गेले. मिलच्या फाटकाला साखळदंड होता. आतल्या रस्त्यावर वाळकी पानं. समोर, जिथे ते रोज माणसं मोजत उभे राहायचे त्याच जागी, ते उभे होते. बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात डबा. आम्हाला त्यांनी पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

केदारने माझा हात ओढला. "आई, आजोबा हरवलेत?"

"काहीतरीच काय बोलतोस."

"मग हलत का नाहीत?"

माझा हात सोडून तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि आजोबांचा मंडपातला तोच पहिला प्रश्न त्याने विचारला. "तुम्ही कोणाचे?"

आजोबांनी तोंड उघडलं. फाटकाकडे बघितलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. इतकी वर्षं ते हजारो पोरांना विचारत आले होते, आणि आता त्यांनाच सांगता येत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

केदारने वाट पाहिली. मग त्यांचं बोट धरून म्हणाला, "राहू दे. आम्ही शोधायला आलोय ना. आता हललं तर चालतं."

ते आले. रस्ताभर केदारने पार्कची सगळी गोष्ट सांगितली, घोडे, कठडा, आइस्क्रीम. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा गेलेच, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. केदार शाळेतून आला की दप्तर टाकायचा आणि म्हणायचा, "चल, आजोबांना आणायचंय." थंडी संपेपर्यंत आम्ही त्यांना आणत होतो.

पण त्यांना पहिल्यांदा आणलं त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दिवे लागले आणि जिन्यावर कोणी आलं नाही. मी कणीक मळत होते, पण कान तिकडेच. नवरा घरी आला होता, ऋचा अभ्यास करत होती. केदार उठला, जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि मान वर करून ओरडला, "वरचे?"

काकूंचा आवाज आला, "हाजिर."

केदार तिथेच उभा राहिला. मी हात धुतले आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्याने पुन्हा हाक मारली, "वरचे? एक माणूस कमी आहे."

वर खाट करकरली. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"हाजिर," ते म्हणाले.